घरचा अभ्यास : इंग्रजींतील विरामचिन्हें व मोठीं अक्षरें

एका वाचकभगिनींनीं पत्रानें विचारलें आहे कीं, "माझा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत सातवींत आहे. त्याचा निबंध तपासून आला तो मीं पाहिला. शब्द शुद्ध, विचारहि बरे. परंतु पानभर लाल शाई. ती सारी ठिपके, शेपट्या आणि मोठीं अक्षरें ह्यांपायीं. एवढ्याशा ठिपक्यांसाठीं मुलाचे गुण कापणें न्यायाचें आहे काय? आणि असेल, तर मला इंग्रजी फारसें येत नसतां त्याचा हा अभ्यास मीं घरीं कसा घ्यावा?"

प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. हल्लीं पुष्कळ घरांतून असें झालें आहे कीं, मुलांचा अभ्यास इंग्रजींत गेला आणि त्याबरोबर तो आजी-आजोबांच्या हातांतूनहि गेला. ज्यांनीं पाढे घेतले, शब्दरूपें घोकून घेतलीं, स्तोत्रें पाठ करविलीं, तीं वडील माणसें इंग्रजी वही पुढें आली कीं संकोचानें बाजूस सरतात. हा संकोच निदान विरामचिन्हांच्या बाबतींत तरी अनाठायीं आहे, हें ह्या महिन्याच्या पाठांत दाखवावयाचें आहे.

आपणांपैकीं बहुतेकांस शाळेंत असा नियम शिकविला गेला कीं, वाचतांना स्वल्पविरामापाशीं थोडें थांबावें, अर्धविरामापाशीं त्याच्या दुप्पट, आणि पूर्णविरामापाशीं त्याहूनहि अधिक. हा नियम कोणा पंतोजीच्या मनचा नाहीं. रॉबर्ट लौथ ह्या इंग्रज वैयाकरणानें १७६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्याकरणांत अर्धविराम स्वल्पविरामाच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट, आणि पूर्णविराम अपूर्णविरामाच्या दुप्पट, असें विश्रांतीचें प्रमाण सांगितलें आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या मात्रा मोजणाऱ्या आपल्या लोकांस हें गणित सहज पटण्यासारखें होतें, आणि मोठ्यानें वाचणारास तें आजहि उपयोगीं पडतें. परंतु लिहिणाराचा त्याच नियमानें घात होतो. लिहितांना मुलाचा जेथें श्वास संपतो, किंवा पुढचा शब्द आठवण्यासाठीं तो जेथें थबकतो, तेथें तेथें तो एक शेपटी काढून ठेवतो. आजच्या इंग्रजी लेखनांत ह्या चिन्हांचें मुख्य काम अन्वय दाखविण्याचें आहे. कोणता शब्द कोणाशीं बांधलेला आहे आणि गांठ कोठें सुटली आहे, हें तीं सांगतात. एवढी एक गोष्ट मनांत धरली म्हणजे बाकीचे नियम तिच्यामागून आपोआप येतात.

आपल्याकडे हें काम कोण करतें? संस्कृतांत विभक्ति करते. 'रामः रावणं हन्ति' ह्यांतील शब्द कसेहि फिरवा, मारणारा राम तो रामच राहतो. इंग्रजींत 'राम किल्ड रावण' ह्यांतील दोन नांवांची अदलाबदल केली कीं सारें रामायणच उलटतें. मराठींत प्रत्यय तर आहेतच, शिवाय क्रियापद बहुधा शेवटीं येऊन बसतें, त्यामुळें वाक्य संपल्याची वर्दी तेंच देतें. म्हणून श्लोकार्धास एक दंड आणि श्लोकान्तीं दोन दंड एवढ्यावर पोथ्यांचें भागलें. मोडी कागदांत तर शब्दसुद्धां सुटे न करतां ओळींच्या ओळी लिहिलेल्या आढळतात. आज मराठी गद्यांत आपण जीं चिन्हें वापरतों तीं इंग्रजीच्या वाटेनें आलीं. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामांत ज्यांचा हात होता, त्या मेजर थॉमस कँडी ह्यांस तीं रूढ करण्याचें श्रेय देतात. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालीं प्रसिद्ध झाली.

चिन्हावांचून मराठीचें बरेंच भागतें, पण सगळें भागत नाहीं. 'शेत विकूं नका ठेवूं' हें चार शब्दांचें वाक्य पाहा. 'शेत विकूं नका, ठेवूं' असें लिहिलें तर शेत घरांत राहिलें. 'शेत विकूं, नका ठेवूं' असें लिहिलें तर तें गेलें. शब्द तेच, क्रम तोच. शेपटी एका शब्दानें मागें सरली, एवढाच काय तो फरक. आणि ही गोष्ट आपल्या परंपरेस अपरिचित नाहीं. इन्द्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें यज्ञ केला, परंतु 'इन्द्रशत्रु' ह्या शब्दाचा स्वर चुकला. 'इन्द्राचा मारक' ह्या अर्थाच्या तत्पुरुषाचा 'इन्द्र आहे मारक ज्याचा' असा बहुव्रीहि झाला, आणि वृत्र इन्द्राच्याच हातून मेला. वैयाकरणांनीं ही कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली ती अर्थ किती बारीक खुणेवर टांगलेला असतो हें शिष्याच्या मनावर ठसावें म्हणून. इंग्रजी शिक्षकाची लाल शाई त्याच कुळांतली आहे.

आतां नियमांकडे वळूं. आधीं मोठीं अक्षरें. देवनागरींत राजाचें नांव आणि रंकाचें नांव एकाच उंचीच्या अक्षरांत लिहितात. रोमन लिपींत प्रत्येक अक्षरास मोठें आणि लहान अशीं दोन रूपें आहेत. छापखान्यांत मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या केसमध्यें आणि लहानांचे खालच्या केसमध्यें ठेवीत. त्यावरून इंग्रजींत त्यांस अजूनहि वरच्या केसचीं व खालच्या केसचीं अक्षरें म्हणतात. देवनागरीच्या खिळेजुळाऱ्यास हा भेद सांभाळावा लागत नसे. त्याचा जीव जोडाक्षरांत गुंतलेला असे.

पहिला नियम सर्वांस ठाऊक आहे : वाक्याचें पहिलें अक्षर मोठें. दुसरा नियम असा कीं, विशेषनामाचें पहिलें अक्षर मोठें आणि सामान्यनामाचें लहान. 'रिव्हर' लहान, 'गोदावरी' मोठें. 'सिटी' लहान, 'नाशिक' मोठें. हा भेद मुलगा मराठी व्याकरणांत शिकलेलाच असतो. तोच येथें कामास लावावयाचा. मात्र इंग्रजी लोक ज्यांस विशेषनामांच्या पंक्तीस बसवितात असे कांहीं शब्द आपणांस तसे वाटत नाहींत : वारांचीं व महिन्यांचीं नांवें, भाषा, धर्म आणि राष्ट्रें ह्यांचीं नांवें, इतकेंच नव्हे तर त्यांपासून झालेलीं विशेषणेंहि. म्हणून 'इंडियन' आणि 'मराठी' ह्यांस मोठें अक्षर लागतें. ऋतूंस तो मान नाहीं. 'समर', 'विंटर' हे लहान अक्षरानेंच लिहावे.

महिन्यांचीं तीन नांवें ह्या नियमाची परीक्षाच घेतात. 'मार्च' मोठ्या अक्षरानें लिहिला तर महिना, लहान अक्षरानें लिहिला तर सैनिकांचें पाऊल मिळवून चालणें. 'मे' मोठ्यानें महिना, लहान अक्षरानें शक्यता किंवा परवानगी दाखविणारें सहाय्यक क्रियापद. 'ऑगस्ट' मोठ्यानें महिना, लहान अक्षरानें 'भव्य, आदरणीय' ह्या अर्थाचें विशेषण. येथें तर उच्चारांतला आघातहि बदलतो, महिन्याच्या नांवांत तो पहिल्या अवयवावर पडतो आणि विशेषणांत दुसऱ्यावर. त्वष्ट्याची कथा ज्या मुलास सांगितली असेल, त्यास हें लगेच समजेल.

तिसरा नियम : 'मी' ह्या अर्थाचा 'आय' वाक्यांत कोठेंहि येवो, तो मोठाच. ह्यांत अहंकार शोधूं नये. एकच बारीक अक्षर ओळींत हरवूं नये म्हणून हस्तलिखितांच्या काळींच तें उंच लिहिण्याची रीत पडली. त्याच भाषेंत 'तुम्ही' आणि 'आम्ही' ह्यांचे शब्द लहान अक्षरानें लिहितात, हेंहि मुलास सांगावें.

चौथा नियम एकत्र कुटुंबांत फार उपयोगी आहे. नात्याच्या शब्दामागें 'माय', 'हर', 'देअर' असा षष्ठीचा शब्द आला कीं तो सामान्यनाम होतो, आणि लहान अक्षर घेतो : 'माय अंकल'. तोच शब्द नांवाच्या जागीं किंवा नांवास लागून आला कीं मोठें अक्षर घेतो : 'अंकल श्रीधर'. 'प्रोफेसर', 'डॉक्टर' ह्या पदव्यांचेंहि असेंच. आपलीं मुलें 'टीचर', 'फादर', 'प्रिन्सिपल' हे शब्द सर्वत्र मोठ्या अक्षरानें लिहितात, त्याचें कारण चांगलें आहे : त्यांस आदर दाखवावयाचा असतो. आपली भाषा आदर बहुवचनानें दाखविते. तें साधन इंग्रजींत नाहीं, म्हणून मूल मोठ्या अक्षराकडे धांवतें. पण इंग्रजी मोठें अक्षर आदराचें नसून ओळखीचें आहे, हें त्यास प्रेमानें समजावून द्यावें. सबंध शब्द किंवा वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिणें तर टाळावेंच. मोबाइलवरील निरोपांत तसें लिहिलेलें लोक ओरडल्यासारखें वाचतात.

आतां पूर्णविराम. मराठींत 'तो आला, मी निघालों' असें स्वल्पविरामानें जोडलेलें वाक्य कोणासहि खटकत नाहीं. तेंच मूल इंग्रजींत 'ही केम, आय लेफ्ट' असें लिहितें, आणि शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात. मराठी माणसाच्या इंग्रजींतील बहुधा सर्वांत मोठी चूक हीच. दोन्ही बाजूंस स्वतःचा कर्ता आणि स्वतःचें क्रियापद घेऊन उभीं असलेलीं दोन पुरीं वाक्यें केवळ शेपटीनें बांधतां येत नाहींत. उपाय तीन : मध्यें पूर्णविराम देऊन पुढचें अक्षर मोठें करावें, किंवा दोहोंचा संबंध जवळचा असल्यास अर्धविराम द्यावा, किंवा स्वल्पविरामाबरोबर 'अँड', 'बट', 'सो' ह्यांसारखें उभयान्वयी अव्यय घालावें.

स्वल्पविरामाची खरी स्थानें थोडीं आहेत. एक, सूचींतील पदांमध्यें. दोन, संबोधनापाशीं : 'आय नो, गोविंद' म्हणजे 'मला ठाऊक आहे, गोविंदा', शेपटी पुसली तर 'मी गोविंदास ओळखतों'. संस्कृतांत संबोधन आणि द्वितीया ह्यांचीं रूपेंच निराळीं. इंग्रजींत तो भेद एका ठिपक्यावर आला. तीन, 'इफ', 'व्हेन', 'बिकॉज' ह्यांनीं सुरू होणारें गौण वाक्य आधीं आलें तर त्याच्या शेवटीं. तें मागून आलें तर बहुधा लागत नाहीं. चार, वाक्याच्या पोटांत घातलेल्या जादा मजकुराच्या दोन्ही बाजूंस. हे दोन स्वल्पविराम कंसाच्या जोडीसारखे आहेत. एक देऊन दुसरा विसरणें म्हणजे दाराची एकच झडप लावणें.

आणि दोन ठिकाणीं स्वल्पविराम देऊं नये. कर्ता कितीहि लांबला तरी तो आणि त्याचें क्रियापद ह्यांत शेपटी घालून ताटातूट करूं नये. तसेंच, मराठींत आपण 'तो म्हणाला कीं,' असें लिहून स्वल्पविराम देतों, म्हणून इंग्रजी 'दॅट'च्या आगेंमागें तो देऊं नये.

वर सांगितलेल्या चौथ्या स्थानाचा विचार जरा सावकाश करावयास हवा, कारण तेथें केवळ गुणांचा प्रश्न उरत नाहीं. समजा, एका गृहस्थांस चार मुलगे आहेत, आणि ते इंग्रजींत मृत्युपत्र लिहून ठेवतात : 'माय सन्स हू लिव्ह इन पुणे शॅल हॅव द हाउस.' येथें स्वल्पविराम नाहींत. तेव्हां 'जे पुण्यांत राहतात' हें वाक्य निवड करणारें, आपल्या शास्त्राच्या भाषेंत व्यावर्तक विशेषण झालें. म्हणजे मुलग्यांपैकीं जे पुण्यांत राहतात त्यांनाच घर. नागपुरास किंवा परदेशीं गेलेल्यास नाहीं. आतां 'सन्स' नंतर एक आणि 'पुणे' नंतर एक असे दोन स्वल्पविराम घाला. तेंच वाक्य आतां केवळ परिचय देणारें झालें : माझे मुलगे, ते पुण्यांत राहतात, त्या सर्वांस घर. दोन शेपट्यांनीं एखादा भाऊ घराबाहेर जातो किंवा घरांत येतो. न्यायालय केवळ शेपट्या मोजून निकाल देत नाहीं, लिहिणाराचा हेतु काय होता तें शोधतें, हें खरें. परंतु हेतु शोधण्याची पाळी भावांभावांवर येऊं न देणें हेंच वडिलांचें काम आहे. मराठींत 'पुण्यांत राहणारे माझे मुलगे' ह्या शब्दांत तोच घोळ आहे. तो टाळावयाचा तर 'माझ्या मुलग्यांपैकीं जे पुण्यांत राहतात, ते' असें स्पष्ट लिहावें, किंवा त्याहून बरें म्हणजे सरळ नांवेंच घालावीं.

सूचींतील स्वल्पविरामाचाहि एक खटला प्रसिद्ध आहे. 'राम, लक्ष्मण व भरत' ह्यांत 'व'च्या आधीं आपण स्वल्पविराम देत नाहीं. इंग्लंडांतहि बहुधा देत नाहींत. अमेरिकेंतील ग्रंथांत तो पुष्कळ देतात, आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयाची तशी रीत असल्यामुळें त्यास 'ऑक्सफर्ड कॉमा' असें नांव पडलें आहे. अमेरिकेंतील मेन राज्याच्या कायद्यांत, नाशवंत खाद्यपदार्थांसंबंधीं कोणकोणतीं कामें करणारांस जादा तासांचें वाढीव वेतन मिळणार नाहीं ह्याची एक यादी होती. तिच्या शेवटीं 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते, आणि 'ऑर'च्या आधीं स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरी ह्या दूधकंपनीचे गाडीवान म्हणाले : येथें काम एकच सांगितलें आहे, तें बांधणीचें, मग ती बांधणी रवानगीसाठीं असो वा वांटपासाठीं. आम्ही माल वांटतों, बांधीत नाहीं. म्हणून आम्हांस वाढीव वेतन मिळालें पाहिजे. कंपनी म्हणाली : बांधणी हें एक काम, वांटप हें दुसरें. २०१७ सालीं तेथील संघराज्याच्या अपील न्यायालयानें, शब्दरचना संदिग्ध आहे असें ठरवून गाडीवानांच्या बाजूनें निकाल दिला; २०१८ सालीं ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली. त्या राज्याच्या विधिमंडळानें मागाहून कलमांतील पदांमध्यें अर्धविराम घालून तें स्पष्ट केलें. वाद सगळा अन्वयाचा होता : 'डिस्ट्रिब्यूशन' हा शब्द कोणाच्या घरचा? आपल्याकडे टीकाकार श्लोकाचा अन्वय लावतांना हाच प्रश्न विचारतात.

आतां जें चिन्ह ओळीच्या माथ्यावर लटकतें तें. इंग्रजींत त्यास ॲपॉस्ट्रफी म्हणतात. संस्कृत शिकलेल्या घरांत तें समजाविण्यास एक शब्द पुरे : अवग्रह. 'सोऽहम्' ह्यांत गळालेल्या अकाराची जागा अवग्रह दाखवितो, तसेंच 'डू नॉट'चें 'डोन्ट' झालें म्हणजे गळालेल्या अक्षराची जागा हें चिन्ह दाखवितें. षष्ठीच्या 'स'पूर्वीं तें येतें त्याचेंहि मूळ लोपांतच आहे. प्राचीन इंग्रजींत पुष्कळ नामांच्या षष्ठीचा प्रत्यय 'एस' असा दोन अक्षरांचा होता, त्यांतील स्वर पुढें गळाला. ह्यावरून 'इट्स'चा प्रसिद्ध घोटाळा सुटतो. त्या शब्दाचे 'इट इज' किंवा 'इट हॅज' असे दोन शब्द करतां येत असतील तर कांहीं तरी गळालेलें आहे, चिन्ह द्यावें. 'त्याचें' ह्या अर्थीं असेल तर कांहीं गळालेलें नाहीं, चिन्ह देऊं नये. 'हिज' आणि 'हर' ह्यांस तरी तें कोठें असतें? साध्या अनेकवचनांतहि कांहीं गळत नाहीं, म्हणून तेथेंहि चिन्ह नको. दुकानांच्या पाट्यांवर तें सर्रास आढळतें, म्हणून मुलांस हें मुद्दाम सांगावें लागतें.

ह्या चिन्हाची जागाहि अर्थ ठरविते. 'माय ब्रदर्स हाउस' हें कानांस एकच ऐकूं येतें. कागदावर चिन्ह 'स'च्या आधीं आलें तर घर एका भावाचें. 'स'च्या नंतर आलें तर घर भावांचें. विभक्त आणि अविभक्त कुटुंब ह्यांतील सारें अंतर त्या एका जागेंत मावलें आहे.

राहिलेलीं चिन्हें थोडक्यांत. प्रश्नचिन्ह प्रत्यक्ष प्रश्नासच द्यावें. 'तो कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं' ह्या धर्तीच्या वाक्यास इंग्रजींतहि पूर्णविरामच. अपूर्णविराम, म्हणजे दोन ठिपके, 'आतां सांगतों तें ऐका' अशा अर्थानें यादीच्या किंवा खुलाशाच्या आधीं येतो. अवतरणचिन्हें बोलणाराचे मूळ शब्द असतील तरच द्यावीं. 'दॅट' घालून बोलणें अप्रत्यक्ष केलें कीं तीं काढावीं आणि पुरुष, काळ हेहि आवश्यकतेप्रमाणें बदलावे. उद्गारचिन्ह एक पुरे. तीन दिल्यानें आश्चर्य तिप्पट होत नाहीं. टंकलेखनांत स्वल्पविराम, पूर्णविराम इत्यादि चिन्हें मागच्या शब्दास चिकटून, आणि त्यांच्या पुढें एक जागा मोकळी.

आतां वाचकभगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. गुण कापणें न्यायाचें आहे, कारण चिन्ह चुकलें म्हणजे बहुधा अन्वय चुकलेला असतो. परंतु जे शिक्षक नुसती लाल रेघ ओढतात आणि कारण सांगत नाहींत, ते अर्धेंच शिकवितात. उरलेलें अर्धें घरीं होऊं शकतें, आणि त्यासाठीं इंग्रजी येण्याची फारशी गरज नाहीं. आजीनें वही पुढें घेऊन नातवास मराठींतून चार प्रश्न विचारावे. 'हें वाक्य कोठें संपलें? ह्यांत कर्ता कोण, क्रियापद कोणतें?' दुसरा, 'हा शब्द कोणाशीं बांधला आहे?' तिसरा, 'हें नांव एकट्याचें कीं जातीचें?' चौथा, 'येथें काय गळलें?' मुलास उत्तर देतां आलें तर चिन्ह कोठें हवें हें तें स्वतःच सांगेल. उत्तर देतां आलें नाहीं, तर त्यास शब्द येतात पण वाक्य समजलेलें नाहीं, हें आजीस कळलें. आणि शिक्षकांस काय सांगावयाचें तेंहि कळलें.

दुसरा उपाय असा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेंतून किंवा वर्तमानपत्रांतून आठ-दहा इंग्रजी ओळी निवडाव्या, आणि घरांतील एका मुलानें त्या सर्व चिन्हें गाळून, सर्व अक्षरें लहान करून उतरवून घ्याव्या. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या भावंडानें मूळ न पाहतां चिन्हें व मोठीं अक्षरें परत घालावीं. मग दोन्ही कागद शेजारीं ठेवून ताडून पाहावें. हें ताडण्याचें काम इंग्रजी न जाणणारें माणूसहि डोळ्यांनीं करूं शकतें. आणि जेथें फरक दिसेल तेथें वरचे चार प्रश्न विचारावे. सगळे फरक चुकाच असतील असें नाहीं. कांहीं ठिकाणीं दोन्ही वाचनें चालतात, आणि त्यावर मुलें भांडलीं तर तो अभ्यासच समजावा. हें काम कागदावर, लेखणीनें करावें. मोबाइल वाक्यारंभीचें अक्षर पुष्कळदां आपणच मोठें करून देतो. तेव्हां मूल शिकलें कीं यंत्र, हें कळत नाहीं, आणि वहीवर लिहितांना यंत्र जवळ नसतें.

पुढील महिन्यासाठीं तीन वाक्यें देतों. येथें तीं देवनागरींत आहेत. मुलांनीं तीं रोमन लिपींत उतरून घेऊन योग्य तेथें चिन्हें व मोठीं अक्षरें घालावीं. पहिल्या दोहोंचीं प्रत्येकीं दोन रीतींनीं उत्तरें होतात. दोन्ही लिहून त्यांचे अर्थ मराठींत सांगावे. तिसऱ्यांत वाक्यें किती आणि 'मे' कितीदां मोठा, हें ठरवावें.

एक : द टीचर्स रूम वॉज लॉक्ड

दोन : माय सिस्टर्स हू सिंग वेल आर कमिंग ऑन संडे

तीन : वुइ मे गो इन मे इफ इट रेन्स वुइ मे नॉट

उत्तरें पुढील अंकीं.